मांड कुठे बसते: घोडबंदर रोडच्या एका रायडरचं प्रकरण

आमच्याकडे आलेली तक्रार एका वाक्याची होती: शो जंपिंगमध्ये, म्हणजे घोड्यावरून अडथळे उडण्याच्या खेळात, ९० सेंटीमीटर उंचीच्या पुढे सरकता येत नाही.

रायडर १९ वर्षांची, ठाण्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. घर घोडबंदर रोडवर, कासारवडवलीच्या अलीकडे. घोड्यांच्या व्यापारावरून ज्या बंदराला नाव पडलं असं सांगतात, त्याच रस्त्यावर आज घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत. त्यामुळे तबेला गाठायचा तर खारघरच्या पुढे, पनवेलच्या बाजूला. पहाटे पाचला निघालं तर तासाभरात पोचतं. परतताना ठाणे-बेलापूर रोडवर किती वेळ जाईल ते सांगता येत नाही. आठवड्यातून चार दिवस ही वारी. रायडिंगला सहा वर्षं झालेली, त्यातली चार शो जंपिंगमध्ये.

घोडा लीजवरचा: थरोब्रेड जातीचा, कुमैत (तांबूस तपकिरी), आख्ता (खच्ची केलेला नर), ९ वर्षांचा, उंची १५.३ हात (चार इंचांचे १५ हात आणि वर ३ इंच) म्हणजे साधारण १६० सेंटीमीटर. शर्यतीतून निवृत्त झालेला. आपल्याकडे रायडिंगसाठी मिळणाऱ्या घोड्यांत असे शर्यतीतले घोडे बरेच असतात आणि पुढे काय करायचं हे ठरवताना या गोष्टीचा मोठा वाटा असतो.

८० सेंटीमीटरच्या कोर्सवर जोडी ठीक चालायची. ९० वर दर फेरीत दोन-तीन पोल, म्हणजे अडथळ्यावरच्या आडव्या काठ्या, खाली. शो जंपिंगमध्ये प्रत्येक पाडलेल्या पोलला ४ फॉल्ट (दंडगुण), म्हणजे ८ ते १२ फॉल्ट घेऊन घरी. घरच्यांकडे दोन उपाय तयार होते. वडिलांचं म्हणणं, घोडा कमी पडतोय, उंच उडणारा दुसरा बघू. मावशीचं म्हणणं, उड्या सोड आणि ड्रेसाज, म्हणजे सपाट मैदानात ठरलेल्या हालचाली नेमक्या करून दाखवण्याचा प्रकार, धर; २०२३च्या हांगझोऊ एशियाडमध्ये भारताला ४१ वर्षांनी घोडेस्वारीत सुवर्ण मिळालं ते ड्रेसाजच्या सांघिक प्रकारात, चौघांच्या संघात सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग या दोन मुली होत्या. दोन्ही सल्ले प्रेमापोटीच, पण तपासणीआधीचे. मावशीचा सल्ला शेवटी खरा ठरला, तरी त्याचं कारण पदक नव्हतं.

आधी घोडा

रायडरनं प्रकार बदलावा का, हा प्रश्न घोड्याला दुखत असेल तर विचारूच नये. दुखरा घोडा कुठल्याही प्रकारात वाईटच चालतो आणि रायडरला वाटतं आपलंच चुकतंय.

पहिला धागा घोड्याची निगा राखणाऱ्या साईसकाकांनी दिला. ‘ताई, खोगिराचा तंग आवळताना हा आता कान मागे घेतो. दिवाळीआधी घेत नव्हता.’ ती म्हणाली, ‘काका, मला वाटलं माशीनं असेल.’ माशी नव्हती. काम झाल्यावर खोगीर उतरवून पाठ पाहिली तर सगळीकडे घाम आणि खांद्याच्या मागे दोन्ही बाजूंना तळहाताएवढे कोरडे ठिपके. भोवती घाम आणि मध्ये कोरडं म्हणजे तिथे दाब इतका की घाम सुटलेलाच नाही.

पॅड न घालता खोगीर नुसतं पाठीवर ठेवून तपासलं. चार गोष्टी बघायच्या असतात. पुढची कमान आणि मानेमागचा उंचवटा यांत उभी दोन-तीन बोटं जागा. खोगिराच्या सांगाड्याचं टोक खांद्याच्या हाडाच्या मागे, हाडावर नाही. पुढचा पाय उचलला की खांदा मागे सरकतो, त्यालाही वाट हवी. खालून बघताना कण्यावर सलग मोकळी खाच, सगळीकडे सारख्या रुंदीची. आणि मागचं टोक शेवटच्या, म्हणजे अठराव्या बरगडीच्या पलीकडे जाऊ नये. या खोगिरात कमान बरोबर होती, खाचही बरोबर होती. गडबड गादीत होती. आतली लोकर पुढच्या बाजूला गोळा होऊन कडक झाली होती. ठाणे-नवी मुंबईच्या हवेत हे नेहमीचं: पावसाळाभर दमट खोलीत टांगलेलं खोगीर वरून तेलपाणी करून चकचकीत राहतं, आत मात्र लोकर ओल धरते, दबते आणि गाठी होतात. बुरशी दिसते, गाठ दिसत नाही. हात दाबून फिरवला तरच कळते.

पशुवैद्यांनी पाठ दाबून बघितली. स्नायू दुखरा, हाडाला काही नाही. दहा दिवस पाठीवर कुणी नाही, फक्त हातात धरून चालवणं. त्यानंतर दहा दिवस लांब दोरीवर हलकं काम. तेवढ्यात खोगिराची गादी उसवून नवी लोकर भरून घेतली. सांगाडा ठीक होता म्हणून इतक्यावर भागलं. अशा वेळी जाड जेल पॅड घालून वेळ मारून नेण्याची पद्धत सगळीकडे आहे. घट्ट बुटात जाड मोजे घातल्यासारखंच ते.

नोव्हेंबरच्या मध्यावर जोडी पुन्हा ९० वर आली. दर फेरीत आता एकच पोल पडत होता, पण नेमका ठरलेल्या जागी: दोन अडथळ्यांच्या जोडीतला दुसरा, आणि तोही पुढच्या पायांनी.

पाच ढांगांची लाइन

पोल कुठल्या पायांनी पडतो हे बघायलाच हवं. मागच्या पायांनी पडत असेल तर रायडर हवेतच खोगिरात बसते का, हे आधी तपासावं. पुढच्या पायांनी पडत असेल तर घोडा चुकीच्या अंतरावरून उडालाय किंवा रायडर आधीच पुढे झुकलीय.

मैदानात लाइन, म्हणजे सरळ रेषेत दोन अडथळे, २१.६ मीटरची लावली. हिशोब सोपा आहे. कँटरची, म्हणजे संथ दौडीची, एक ढांग ३.६ मीटर धरतात. पहिल्या अडथळ्यानंतर उतरायला १.८, दुसऱ्याआधी उडायला १.८, उरले १८ मीटर, म्हणजे ५ ढांगा. बाजूला तिपाईवर मोबाइल ठेवून आठ फेऱ्या चित्रित केल्या आणि संथ गतीनं पाहिल्या.

आठपैकी सहा फेऱ्यांत एकच घडलं. पहिल्या दोन ढांगा पूर्ण लांबीच्या. तिसऱ्या ढांगेला रायडरचा हात मागे. ढांग आखडून ३.२-३.३ वर येते. पाच ढांगा संपतात तेव्हा घोडा उडायच्या जागेच्या साधारण एक मीटर अलीकडेच. तिथून उडावं तर लांब पडतं, आणखी एक ढांग घ्यावी तर जागा नाही. घोडा अर्धी ढांग कोंबतो, अडथळ्याच्या अगदी पायथ्याशी जातो आणि पोल गुडघ्याला लागतो. घोडा आळशी नाही, भित्राही नाही. मागून ओढल्यामुळे त्याला जागाच उरत नाही.

हे घोड्याचं की रायडरचं? अदलाबदल करून पाहिली. प्रशिक्षकानं तोच घोडा त्याच लाइनवर तीनदा नेला: तीनदा पाच ढांगा, तीनदा स्वच्छ. रायडरला तबेल्यातली म्हातारी, शांत घोडी दिली: तिसऱ्या ढांगेला हात पुन्हा मागे. वडिलांचा नवा घोडा इथेच रद्द झाला. लाखो रुपये वाचले म्हणायला हरकत नाही, कारण नव्या घोड्यावरही तिसरी ढांग तीच पडली असती.

उपाय ठरलेले आहेत. जमिनीवर ३-३ मीटरवर कँटर पोल, उडी नाहीच. मग हीच लाइन ५० सेंटीमीटरवर, मोठ्यानं ढांगा मोजत, नजर दुसऱ्या अडथळ्याच्या पलीकडच्या झाडावर. चौथ्या आठवड्यापर्यंत दहापैकी सात फेऱ्या स्वच्छ यायला लागल्या. तिला उडी जमत नव्हती म्हणून प्रकार बदलला, असा समज नको. आणखी वर्षभर असंच काम केलं असतं तर १ मीटरपर्यंत ती गेली असती, याबद्दल प्रशिक्षकांत दुमत नव्हतं.

वही

या काळात तिला रोजच्या कामाची वही ठेवायला सांगितली होती. काय केलं, काय बिघडलं, एवढंच. सहा आठवड्यांनी वही पाहिली. उडीच्या दिवसांच्या नोंदी अशा: ‘पोल पडला. परत. ठीक.’ ‘५ आल्या. बरं झालं.’ सपाटीच्या कामाच्या दिवशी मात्र पान पुरत नव्हतं: ‘उजवीकडे वळताना डावा खांदा बाहेर सुटतो. आतला पाय दिला की आधी आतला कान हलतो, मग पोट सरकतं, मग वळतो. पाय आणि हात एकदम दिला तर कान हलतच नाही. उद्या पाय आधी, मोजून दोन पावलं थांबून हात.’

हे कुणी शिकवलेलं नव्हतं. ड्रेसाज म्हणून तिनं काही केलेलंही नव्हतं. उडीच्या आधीचं वॉर्म-अप एवढंच ते होतं.

आमचं मत इथे बनलं. प्रकार निवडताना सगळे विचारतात, ‘तुला काय आवडतं?’ उडी सगळ्यांनाच आवडते, दोन सेकंदांची मजा कुणाला नको? त्याऐवजी बघावं की कुठल्या प्रकारातलं रोजचं किचकट, न दिसणारं काम या व्यक्तीला जड जात नाही. जंपिंगचं किचकट काम म्हणजे तीच लाइन पुन्हा पुन्हा. ड्रेसाजचं म्हणजे तेच वर्तुळ पुन्हा पुन्हा. बाहेरून दोन्ही सारखीच कंटाळवाणी. एकीच्या वहीत मात्र एकाबद्दल दोन शब्द येतात आणि दुसऱ्याबद्दल पानभर.

बाकीचे पर्याय

तरी वहीवर थेट निर्णय घेतला नाही. इव्हेंटिंगमध्ये ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि जंपिंग तिन्ही एकत्र येतात. भारताच्या फवाद मिर्झानं २०१८च्या एशियाडमध्ये वैयक्तिक रौप्य मिळवलं आणि पुढे टोकियो ऑलिंपिक गाठलं ते यातच. पण क्रॉस-कंट्रीचे पक्के अडथळे, पाणी, चढउतार यांचा सराव पनवेलच्या बाजूच्या भाड्याच्या मैदानात होत नाही. टेंट पेगिंगला, म्हणजे धावत्या घोड्यावरून भाल्यानं जमिनीतली खुंटी उचलण्याला, सरळ, लांब, मऊ धावपट्टी आणि भाला शिकवणारा माणूस लागतो. तो बहुतेक फौजेत किंवा पोलिसांत सापडतो. दोन्ही दहा मिनिटांत बाजूला ठेवले.

एंड्युरन्सची, म्हणजे लांब पल्ल्याच्या रपेटीची, चाचणी मात्र प्रामाणिकपणे घेतली, कारण थरोब्रेडची दमदार चाल आणि रायडरची शिस्त दोन्ही त्याला पोषक. जानेवारीत पहाटे १८ किलोमीटर, ताशी १२च्या सरासरीनं, म्हणजे दीड तास. एंड्युरन्समध्ये पोचून भागत नाही. पशुवैद्यांच्या तपासणीत घोड्याचे ठोके ठरलेल्या वेळेत खाली यावे लागतात. मिनिटाला ६४ हा बरीच वर्षं वापरात असलेला आकडा. विश्रांतीत घोड्याचे ठोके साधारण २८ ते ४४ असतात. कोपराच्या मागे डावीकडे स्टेथोस्कोप लावून १५ सेकंद मोजायचे, चारनं गुणायचं. या घोड्याचे दहाव्या मिनिटाला ६८, विसाव्याला ५८. पहिल्या खेपेला वाईट नाही. पण ते जानेवारीच्या पहाटे. मार्चनंतर खाडीकडची दमट हवा आली की घाम सुटतो, वाळत मात्र नाही; आणि वाळला नाही तर अंग थंड होत नाही. घोड्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा खारट, त्यामुळे पाण्याबरोबर क्षारही भरून द्यावे लागतात.

अडचण त्याहून साधी निघाली. आठवड्याला दोन लांब रपेटी हव्यात आणि तबेल्यातून बाहेर पडलं की खडीचे डंपर. १८ किलोमीटरमध्ये दोनदा महामार्ग ओलांडावा लागला. तिनं वहीत लिहिलं: ‘मजा आली. डंपर.’

वीस मीटरचं वर्तुळ

फेब्रुवारीपासून बारा आठवडे ड्रेसाज, असं ठरलं. जंपिंगचं खोगीर तेच ठेवलं. दुसरं घ्यायची घाई करू नये. रिकिबी मात्र तीन भोकं लांब केल्या, गुडघा खाली आला, मांड खोल बसली. तोंडातला गॅग बिट (लगामाची कडक कडी) काढून साधं स्नॅफल (सौम्य कडी), डोकं फार वर जाऊ न देणारा मार्टिंगेलचा पट्टाही काढला. या पातळीच्या ड्रेसाज चाचणीत दोन्ही चालत नाहीत, आणि तीन महिन्यांनी काढायचं ते आजच काढलेलं बरं.

मैदान २० बाय ४० मीटरचं आखलं. चुन्याच्या रेषा, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अक्षरं. लांब बाजूंवरची के, एच, एम, एफ ही अक्षरं कोपऱ्यापासून ६ मीटरवर. ई आणि बी बरोबर मध्ये, २० मीटरवर. पहिलीच चूक इथे होते आणि जवळपास प्रत्येकाची होते. ए पासून, म्हणजे आखूड बाजूच्या मध्यापासून, २० मीटरचं वर्तुळ काढायला सांगितलं की रायडर के आणि एफ या अक्षरांना शिवते. पण ती अक्षरं ६ मीटरवर आहेत आणि वर्तुळ लांब बाजूला शिवतं ते कोपऱ्यापासून १० मीटरवर, म्हणजे अक्षराच्या ४ मीटर पुढे. अक्षराला शिवलं की घोडा कोपऱ्यात घुसतो आणि वर्तुळाचं अंडं होतं. चार शंकू ठेवले: ए, एक्स (मैदानाचा मध्य) आणि दोन्ही लांब बाजूंवर १०-१० मीटरवर. पहिल्या दिवशी चारपैकी दोनच शंकूंजवळून ती गेली. तिसऱ्या आठवड्यात शंकू उचलले तरी टापांचे ठसे गोल होते. वाळू पाहिली की कळतं, परीक्षक लागत नाही.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात गाडी घसरली. कुठेतरी व्हिडिओ पाहून तिच्या मनानं घेतलं की घोड्याची मान गोल दिसली पाहिजे. लगाम आलटून पालटून खेचायला सुरुवात झाली. घोड्यानं मान वाकवली, नाक उभ्या रेषेच्या मागे गेलं, मोबाइलवर छान दिसायला लागलं. पण ट्रॉटच्या (दुडक्या चालीच्या) टापा घाईच्या झाल्या आणि पाठ पुन्हा ताठ. शर्यतीत धावलेल्या घोड्याचं हे खास दुखणं: लगाम घट्ट झाला की ‘पळ’ असा त्याचा अर्थ तो शिकलेला असतो. धरावं तितका तो पळतो. मान वाकवणं हे तेव्हा निव्वळ हाताला चुकवणं असतं. डोक्याचा मागचा भाग सर्वांत उंच आणि नाक उभ्या रेषेच्या किंचित पुढे, एवढंच ध्यानात ठेवायचं. मानेची गोलाई मागच्या पायांचं काम झालं की आपोआप येते.

तीन आठवडे व्हिडिओ बंद. त्याऐवजी एकाच वर्तुळावर वॉक-ट्रॉट-वॉक, दर १०-१२ पावलांनी बदल, एका फेऱ्यात पाच-सहा बदल. दर दहा मिनिटांनी लगाम सैल सोडून मान खाली ताणू द्यायची. लगाम घट्ट होणं म्हणजे पळणं नव्हे, हे घोड्याला शिकवायला एवढा वेळ लागला, आणि खरं तर कमीच लागला.

बाराव्या आठवड्यात बाहेरचे परीक्षक बोलावून सरावाची चाचणी घेतली. गुण ० ते १०, अर्ध्या गुणांसह. प्रवेश आणि थांबणं ७. डावीकडचं ट्रॉट वर्तुळ ६.५, उजवीकडचं ६. सैल लगामाची चाल ७.५. दोन्ही बाजूंचे कँटर ५ आणि ५.५. सरासरी ६० टक्क्यांच्या किंचित वर. पहिल्यांदा हे चांगलं. ‘टॅलेंट आहे’ म्हणण्याइतकं नाही. बघण्यासारखी गोष्ट वेगळीच: गुणपत्रिका हातात आल्यावर तिनं एकूण टक्के न बघता आधी कँटरसमोरचा शेरा वाचला आणि प्रशिक्षकाला विचारलं, ‘सर, लय तुटली ती कोपऱ्याआधी की कोपऱ्यात?’

पावसाळा

निर्णयावर शिक्कामोर्तब केलं ते जूननं. पाऊस लागला की उघड्या मैदानात जंपिंग जवळजवळ चार महिने बंद. निसरड्या जमिनीवरून उडी घेणं म्हणजे पायाचे स्नायुबंध पणाला लावणं. ड्रेसाजवाल्याला मात्र पाणी निचरणारा २० बाय २०चा तुकडा मिळाला तरी वॉक आणि संथ ट्रॉटमध्ये महिनोन् महिने पुरेल इतकं काम असतं: थांबणं, मागे सरणं, आतल्या पायापासून बाजूला सरकणं. सोबत खुरांची काळजी दुप्पट. खुराच्या तळव्यातल्या मधल्या मऊ भागाला, म्हणजे बेडकीला, काळा, वास मारणारा चिकटा दिसला की समजावं कुजायला लागलंय. रोज दोनदा खूर खरवडणं, कोरडं करणं, आणि पाच-सहा आठवड्यांनी नालबंदाची तारीख चुकवायची नाही.

सध्या आठवड्यातले तीन दिवस सपाटीचं काम आणि एक दिवस नुसती मोकळी चाल. पाऊस ओसरला की पंधरवड्यातून एकदा ७० सेंटीमीटरवर उडी चालू होईल. ती घोड्याच्या पाठीसाठी आणि थोडी दोघांच्या विरंगुळ्यासाठी. पाऊस लागायच्या आधीच्या शेवटच्या उडीला तीच २१.६ मीटरची लाइन लावली होती. पाच ढांगा आल्या, पोल हलला नाही, हात जागचा सुटला नाही. त्या दिवशीची वहीतली नोंद चार ओळींची आहे. त्यातल्या तीन वॉर्म-अपमधल्या डाव्या कँटरबद्दल आहेत.